चार दशांश

कारखान्यातून निघाली तेव्हा कागदावर अठरा घोडे होते.
सदुसष्ट सालची जावा, साडेतीनशे,
रंग पिकल्या चेरीचा, टाकीला क्रोमचे दोन गाल.
लग्नानंतर अर्धा मोराव्हिया पाहिला आम्ही तिच्यावरून.
अठरातले निदान सहा घोडे
मला आणि माझ्या सुटकेसला ओढण्यातच खर्ची पडायचे.

मग ओताकार रिटायर झाला.

पहिल्या हिवाळ्यात सिलिंडर स्वयंपाकघरात आले,
नूडल्स लाटायच्या फळीवर.
कानशीनं त्यानं धुराचं दार वर सरकवलं,
एक मिलिमीटर आणि थोडंसं.
थोडंसं म्हणजे किती, ते विचारायचं नाही.
कडा घासून घासून म्हणाला, बोट फिरवून बघ.
मी फिरवलं.
त्या आठवड्यात सूपला लोखंडाची चव होती.

दुसऱ्या हिवाळ्यात आलोइसच्या लेथवर हेड तासून घेतलं.
तिसऱ्यात सायलेन्सर गेले,
त्यांच्या जागी याने स्वतः वेल्ड केलेले दोन पाईप,
उंदीर गिळून पडलेल्या सापांसारखे.
चौथ्यात मागची सीट काढली, मागचे फूटरेस्ट काढले.
अकरा किलो वाचले, म्हणाला.
ते कुणासाठी होते, ते नाही म्हणाला.
सीट शेडमध्ये आहे. पांढरी कोंबडी तिच्यावर अंडी घालते.

आता चार हजार आरपीएमच्या खाली गाडी नुसती खोकते,
गावातल्या चढाला पोस्टमनच्या सायकलमागे राहते.
चार हजारांच्या वर मात्र
कुणी शेपटी पिरगाळल्यागत उधळते,
निळा धूर, जळक्या एरंडेलाचा वास,
आणि आलुबुखारांच्या बागेतले झाडून सगळे पक्षी वर.

दर रविवारी सकाळी चुन्याच्या भट्टीपासून
टेकडीवरच्या क्रुसापर्यंत, अठराशे मीटर.
खाली आलोइस रुमाल पाडतो,
वर स्टॉपवॉच माझ्याकडे.
ओताकारच्या वहीत जमाखर्च आहे:
कानशीनं मिळवले एक पूर्णांक दोन सेकंद.
पाईपांनी एक पूर्णांक एक.
हेडनं तीन दशांश, सीटनं चार.
आणि तळाशी, दोनदा अधोरेखित,
चार दशांश. कारण अज्ञात.

या चार दशांशांसाठी त्यानं इंजिन तीनदा खोललं.
प्लगचा रंग पाहिला, चॉकलेटी, हवा तसा.
जेट बदलून पाहिला, परत जुना बसवला.
हवेचा दाब, पेट्रोलचा पंप, चंद्र,
सगळ्यांवर आळ घेऊन झाला.
कारण सापडलं, म्हणतो, तर दुप्पट करता येईल.

मी कॉफी गाळत राहते.

तो रविवार दवाखान्यातून आल्यानंतरचा पहिला.
डॉक्टरांनी नको म्हटलेलं, मीही म्हटलेलं.
शेवटच्या वळणावर तो दिसला,
टाकीवर पोट टेकून, इतका लहान,
हेल्मेटचा पट्टा फडफडत होता, बांधायचा विसरला होता.
पांढरी रेघ अजून पुढे होती
आणि माझा अंगठा दाबला गेला.

गाडी थांबली. तो आकडा वाचत राहिला.
मग महिन्याभरात पहिल्यांदा
भूक लागली म्हणाला,
आणि तिथेच गवतात बसून तीन पाव खाल्ले, लोणच्याच्या काकडीबरोबर.

सांगणार होते. सोमवारी सांगणार होते.
मंगळवारी त्यानं वहीत अधोरेखित केलं.

तेव्हापासून दर रविवारी मला
तेवढंच लवकर दाबावं लागतं.
अर्धा सेकंद झाला तर संशय येईल,
दोन दशांश झाले तर तो जेवणार नाही.
रात्री तो झोपला की मी सरावही करते,
घड्याळ उशीखाली धरून,
टिकटिक त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

वहीत नोंद नाही, पण त्या गाडीवर
इतका बारीक ट्यून केलेला
दुसरा भाग नाही.